पार्ट येणे बाकी

शारजात अकरा वर्षं झाली,
लाईट एकदाही गेली नाही.

हे सांगितलं की बाबा फोनवर गप्प होतात.
जन्मभर वायरमन. अंधार पडला
की गावाची पहिली शिवी त्यांनाच.
लोडशेडिंगला ते तरी काय करणार,
"वरूनच गेलीय," म्हणायचे,
आणि अंगणात उताणे पडून
वरच बघत राहायचे.
ती बघ म्हातारीची खाट. चार तारे, चार खूर.
मागं ते तीन चोर, खाट पळवायला टपलेले.
पण म्हातारी काही डोळा लावत नाही.
मग गल्लीभर ओरडा, आली रे आली!
आणि आम्ही दोघं हिरमुसून आत.

इथं मी रस्त्याचे दिवे लावतो. कंत्राटी.
रोज चाळीसेक खांब.
आणि ड्युटी सुटली की
मीच लावलेल्या उजेडातून वाट काढत
अंधार हुडकत फिरतो.

गच्चीला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन झोपेत.
दोन टॉवरच्या फटीत एक तारा मिळाला,
तीन रात्री जपला,
चौथ्या रात्री तो क्रेनच्या शेंड्यावरचा बल्ब निघाला.
कब्रस्तानाच्या भिंतीमागं बरं दिसतं,
पण तिथं उभं राहिलं की गस्तीवाला हळू आवाजात विचारतो,
कोण गेलं तुमचं?
काय सांगू. सहा बहिणी होत्या, कृत्तिका नावाच्या.
शेर जमान म्हणतो, वाळवंटात चल,
दीड तास गाडी माझी, पेट्रोल तुझं.
शुक्रवार उजाडतो,
आणि कपडे धुण्यात जातो.

ऑगस्टात तक्रार आली: खांब चारशे सतरा, बंद.
खाडीच्या टोकाशी, जिथं जुन्या होड्या पालथ्या पडल्यात.
शिडी लावली, झाकण उघडलं,
ड्रायव्हर जळालेला. नवा माझ्या पिशवीतच होता.
घाम पुसायला मान वर केली
आणि समुद्रावर, वाफेतून,
खाट.
चारही खूर. आणि मागं एक, दोन,
तिसरा जरा उशिरा दिसला, पण होता.

झाकण लावलं. कागदावर लिहिलं:
पार्ट येणे बाकी.
म्हातारीच्या मागं आता चौथा मी.

रोज जायला लागलो.
जुमा नावाचा म्हातारा तिथं जाळं विणत बसायचा,
डोळ्यांनी नाही, बोटांनी.
त्यानं ओळखलं मला.
मोडक्या हिंदीत म्हणाला, दिवा लावशील,
लाव. पण सुहैल येऊन जाऊ दे.
सुहैल आला की समुद्राचा ताप उतरतो.
मी विचारलं, कुठं येतो?
वर बघतोयस कशाला, म्हणाला,
तो मोठा आहे, पण खाली चालतो.

ऑगस्ट सरता सरता एका पहाटे, फजरच्या आधी,
दक्षिणेला, गोदामांच्या पत्र्यांना घासून
तो उगवला. पिवळट, थरथरता.
अरे, हा तर आमचा अगस्त्य,
समुद्र पिणारा.
जुमाला सांगितलं. तो हसला,
म्हणाला, सगळा पिऊ नकोस म्हणावं त्याला,
माझी होडी आहे.

दुसऱ्या दिवशी पार्ट "आला".
दिवा लावला,
पण त्याची मान वाकवून दिली,
वरून पत्र्याची झापड ठोकली.
उजेड आता रस्त्यावर पडतो, पायापुरता.
तक्रार बंद. सुपरवायझरची सही.

रात्री बाबांचा फोन.
तिकडं खरंच जात नाही का रे कधी?
म्हटलं, जात नाही.
घालवावी लागते.
तिकडून बराच वेळ काही आवाज नाही,
मग खुर्ची सरकली, दाराची कडी निघाली.
ते अंगणात गेले असावेत.